जेरी राईस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेरी राईस कोण?

अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सर्वांत मोठा रिसीव्हर. १९८५ पासून २००४ पर्यंत वीस हंगाम तो एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, खेळला. त्यातले पहिले सोळा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडून, ८० नंबरची जर्सी घालून. ३०३ सामने, १,५४९ झेल, त्या झेलांवर मिळवलेले २२,८९५ यार्ड, एकूण २०८ टचडाउन आणि सुपर बोलची, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याची, तीन विजेतेपदं. २०१० मध्ये एनएफएलच्या वाहिनीने शंभर सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी केली, तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. ती यादी फक्त रिसीव्हरांची नव्हती, सगळ्या खेळाडूंची होती.

मला या खेळातलं काहीच कळत नाही. रिसीव्हर म्हणजे नेमका कोण?

थोडंसं समजून घेतलंत तर पुढचं सगळं कळेल. मैदान शंभर यार्डांचं असतं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा असतो, तो एंड झोन. चेंडू घेऊन समोरच्या एंड झोनमध्ये पोचलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. कुठे वळायचं, किती पावलांनी वळायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे बरेचदा रिसीव्हर वळायच्या आतच चेंडू हवेत असतो.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. क्रिकेटमध्ये झेल घेतला की फलंदाज बाद, काम संपलं. इथे झेल घेतला की अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे पळणं, तेही शंभर-शंभर किलोची माणसं अंगावर येत असताना. राईसचं मोठेपण मला या दुसऱ्या अर्ध्यात सगळ्यात जास्त दिसतं.

लहानपणी तो विटा झेलायचा, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलचा. वाढला तो जवळच्याच क्रॉफर्ड या छोट्याशा गावात. आठ भावंडांतला सहावा. वडील जो नेथन राईस गवंडी होते आणि उन्हाळ्यात मुलं त्यांच्या हाताखाली कामाला जात. जेरी परांचीवर उभा राहायचा आणि भाऊ खालून विटा फेकायचे. कधीकधी चार विटा एकावर एक रचून एकदम वर. हवेत त्या सुट्या होतात, एक इकडे जाते, एक तिकडे, आणि चारही पकडायच्या असतात.

आपल्याकडे बांधकामावर विटा वर चढवताना पाहिलं असेल तर एक गोष्ट लगेच पटेल. वीट धरताना हात ताठ ठेवला की तळवा सोलून निघतो. ती येते तसा हात मागे घेत तिला उतरवून घ्यावं लागतं. राईसच्या झेलांचं जुनं चित्रण पाहिलं की तोच मऊ हात दिसतो. विटांमुळे तो रिसीव्हर झाला असं मी म्हणणार नाही, त्याचे भाऊही त्याच विटा हाताळत होते. पण मेहनत वडिलांकडून शिकलो, असं तो स्वतः सांगत आला आहे.

मग फुटबॉलकडे तो कसा वळला?

वर्ग चुकवल्यामुळे! शाळेत दुसऱ्याच वर्षी तो तासाला दांडी मारून बाहेर भटकत होता, तेवढ्यात उपमुख्याध्यापक मागून आले. त्यांना पाहताच हा जो सुटला, तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी शिक्षा झालीच, पण पोराचा वेग पाहून त्यांनी त्याचं नाव फुटबॉलच्या प्रशिक्षकांच्या कानावर घातलं.

एवढा गुणी खेळाडू मोठ्या विद्यापीठात का गेला नाही?

मोठ्या विद्यापीठांतून कुणी त्याला घ्यायला आलंच नाही. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये. इट्टा बेना गावातली ही परंपरेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संस्था, फुटबॉलमध्ये दुसऱ्या पातळीवर खेळणारी. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली धाडसी होते. चार-चार रिसीव्हर मैदानाच्या एकाच बाजूला उभे करायचे आणि दोन चालींच्या मध्ये घोळका करून चर्चा न करता सरळ पुढची चाल खेळायची, ही त्यांची पद्धत. क्वार्टरबॅक विली टॉटन आणि राईस या जोडीने त्या पद्धतीचं सोनं केलं. १९८४ मध्ये हा संघ एका सामन्यात सरासरी साठच्या आसपास गुण करत होता आणि एकट्या राईसने त्या हंगामात झेल घेऊन २७ टचडाउन केले. त्याच्या आदल्या वर्षी सदर्न विद्यापीठाविरुद्ध एका सामन्यात त्याने २४ झेल घेतले होते. मित्र त्याला 'वर्ल्ड' म्हणत, कारण जगात असा चेंडू नाही जो हा पकडणार नाही. आज त्या विद्यापीठाच्या मैदानाला राईस आणि टॉटन या दोघांचंही नाव आहे.

फोर्टीनायनर्सना तो कसा सापडला?

ऑक्टोबर १९८४ मध्ये फोर्टीनायनर्स सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. आदल्या रात्री प्रशिक्षक बिल वॉल्श हॉटेलच्या खोलीत टीव्ही पाहत होते आणि कॉलेज सामन्यांच्या क्षणचित्रांत त्यांना हा मुलगा दिसला. तो त्यांच्या मनात बसला.

अडचण अशी होती की त्या वर्षीचा सुपर बोल फोर्टीनायनर्सनीच जिंकला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू निवडताना, विजेत्याचा नंबर शेवटी येतो. वॉल्श यांनी आपल्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या संधी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना देऊन सोळावा क्रमांक मिळवला आणि राईसला घेतलं. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन. दोघेही चांगले खेळले. पण त्यांची नावं आज बऱ्याच जणांना या एका कारणासाठी आठवतात.

पहिल्याच दिवसापासून तो चमकला का?

मुळीच नाही. १९८५ मध्ये त्याच्या हातून चेंडू सुटत होते आणि कॅंडलस्टिक पार्कमधले घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. लहान गावातून आलेला मुलगा, समोर जो मोंटानासारखा क्वार्टरबॅक, आणि चालींची जाडजूड वही पाठ करायची. डोक्यात चाल घोळत असली की हात चुकतो. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने १० झेल आणि २४१ यार्ड केले. सामना संघ हरला, पण राईसची गाडी त्या रात्री रुळावर आली.

त्यापुढच्या हंगामाचा शेवट मात्र त्याला फार लागला असणार. जानेवारी १९८७, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना. सुरुवातीलाच राईस झेल घेऊन मोकळा सुटला होता, पुढे कुणी नव्हतं, आणि कुणाचा स्पर्शही न होता चेंडू त्याच्या हातून निसटला. जायंट्सनी तो ताब्यात घेतला. सामना ४९–३ असा गेला.

१९८७ च्या हंगामाबद्दल एवढं का बोलतात?

कारण त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला, राईसला १२ च सामने मिळाले, आणि त्या बारांत त्याने झेल घेऊन २२ टचडाउन केले. दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस ११ वर होता, म्हणजे बरोबर निम्म्यावर. २००७ मध्ये रँडी मॉसने २३ करून हा विक्रम मोडला. मॉसचा हंगामही अफाटच होता, पण त्याला १६ सामने मिळाले होते. विक्रमांच्या यादीत मॉसचं नाव वर आहे आणि ते नियमाने बरोबरच आहे. मला विचाराल तर १९८७ चा राईस आजही सर्वोत्तम आहे.

तो फार वेगवान होता का?

घड्याळ लावून पळवलं तर नाही. चाळीस यार्डांसाठी त्याची वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या घरात सांगितली जाते, आणि ४.४ च्या आत पळणारे रिसीव्हर दर वर्षी येतात. तरीही चेंडू हातात आल्यावर मागून त्याला कुणी गाठताना क्वचितच दिसतं.

याचं उत्तर त्याच्या पावलांत आहे. वॉल्श यांच्या पद्धतीत लांबवर भिरकावलेल्या चेंडूंपेक्षा आखूड, वेळेवर पोचणाऱ्या चेंडूंवर भर होता. त्यातली एक साधी चाल पाहा. रिसीव्हर तीन पावलं सरळ जातो, एका पायावर झटकन आतल्या बाजूला तिरका वळतो आणि चेंडू त्याच्या छातीच्या थोडा पुढे येतो. बहुतेक जण वळताना किंवा झेलताना नकळत अर्धं पाऊल मंदावतात. राईस मंदावत नसे. चेंडू त्याच्या चालीत मिसळून जायचा आणि सात यार्डांचा पास बघता बघता सत्तर यार्डांचा होऊन जायचा. सगळ्या चालींत त्याची सुरुवातीची पावलं सारखीच दिसत, त्यामुळे समोरच्या बचावपटूला अंदाजच लागत नसे.

सरावातली त्याची एक सवय तर प्रसिद्धच आहे. बाकीचे झेल घेऊन चार पावलं जात आणि चेंडू परत करून रांगेत येत. राईस प्रत्येक झेलानंतर थेट एंड झोनपर्यंत पळत जायचा, समोर कुणीही नसताना.

'द हिल' म्हणजे काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, रेडवुड सिटीजवळ एजवुड पार्क आहे. तिथली सुमारे अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची चढाची वाट राईस हंगाम नसताना रोज पळून चढायचा. त्याला तिथे पहिल्यांदा नेलं संघातल्याच रॉजर क्रेगने. पुढे इतर खेळाडूही त्याच्याबरोबर यायला लागले, आणि मध्येच थांबून धापा टाकणाऱ्यांच्या कितीतरी कहाण्या सांगितल्या जातात.

मी हा चढ चालत चढलो आहे. सुरुवातीला ओकची सावली लागते, मग उघडं गवत, खाली २८० नंबरच्या महामार्गाचा सतत आवाज. वसंतात लोक तिथे रानफुलं पाहायला येतात. चढ डोळ्यांना भीतीदायक वाटत नाही, पण एक वळण संपलं की दुसरं सुरू होतं, श्वासाला उसंत मिळत नाही. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एखाद्या शनिवारी सकाळी जरूर जावं. पाणी जवळ ठेवा.

त्याचा सर्वांत मोठा सामना कोणता?

२२ जानेवारी १९८९, मायामी, २३ वा सुपर बोल, समोर सिनसिनाटी बेंगाल्स. त्या आठवड्यात सरावात त्याचा घोटा दुखावला होता. सामन्यात त्याने ११ झेल आणि २१५ यार्ड केले. सुपर बोलमध्ये रिसीव्हरने केलेले सर्वाधिक यार्ड आजही हेच. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू अर्थातच तो.

पण आकड्यांपेक्षा शेवटची तीन मिनिटं पाहावीत. फोर्टीनायनर्स १३–१६ असे मागे, ३ मिनिटं १० सेकंद शिल्लक आणि चेंडू स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेवर. म्हणजे ९२ यार्ड जायचे होते. मोंटाना संघाला शांतपणे पुढे नेत होता, तेवढ्यात एका चुकीचा दंड बसला आणि दुसऱ्याच संधीला वीस यार्ड हवे झाले. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं की चेंडू राईसकडेच जाणार. तो मधून तिरका आत आला, तीन बचावपटू त्याच्याकडे झेपावले, चेंडू त्यांच्या मधोमध त्याच्या हातात पडला आणि हा त्या तिघांतून निसटला. २७ यार्ड. पुढच्या चालीत आठ यार्ड आणखी मिळाले आणि मग शेवटच्या चालीत राईस आडवा सरकला, तसं बेंगाल्सचं लक्ष त्याच्याकडे वळलं. मोंटानाने चेंडू दिला जॉन टेलरला. टचडाउन. ३४ सेकंद उरले होते. २०–१६.

विजयाचा झेल राईसचा नव्हता, हे मला या सामन्यातलं सगळ्यात आवडतं. त्या क्षणी त्याचं नुसतं मैदानात असणं पुरेसं होतं.

बाकीचे सुपर बोल?

जानेवारी १९९० मध्ये डेन्व्हर ब्राँकोसचा ५५–१० असा धुव्वा उडवला. राईसचे तीन टचडाउन. जानेवारी १९९५ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध ४९–२६. पुन्हा तीन, आणि तेही सामना चालू असताना खांदा दुखावल्यानंतर. चौथा सुपर बोल जानेवारी २००३ चा, ओकलंड रेडर्सकडून. तो संघ टँपा बेकडून ४८–२१ असा हरला, पण राईसने ४८ यार्डांचा एक टचडाउन केला आणि चार वेगवेगळ्या सुपर बोलमध्ये झेल घेऊन टचडाउन करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

मोंटाना की स्टीव्ह यंग, राईसची जोडी कुणाशी जास्त जमली?

आकडे यंगच्या, म्हणजे मोंटानानंतरच्या क्वार्टरबॅकच्या, बाजूने आहेत. राईसचे ८५ टचडाउन यंगच्या फेकीवर आहेत आणि ५५ मोंटानाच्या. मोंटानाचा चेंडू जास्त अलगद यायचा, हे खरं. यंग डावखुरा, त्याचा चेंडू उलटा फिरत यायचा, आणि राईसला सगळी सवय नव्याने लावून घ्यावी लागली. १९९५ मध्ये त्याने १२२ झेल आणि १,८४८ यार्ड केले, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. यार्डांचा तो विक्रम कॅल्विन जॉन्सनने मोडायला २०१२ उजाडलं.

१९९७ ची दुखापत किती गंभीर होती?

कारकीर्द संपवू शकेल इतकी. ३१ ऑगस्ट १९९७, टँपा बेविरुद्ध हंगामाचा पहिलाच सामना. त्याला पाडताना वॉरन सॅपने हेल्मेटची जाळी धरून ओढली आणि डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. सलग १८९ सामन्यांची मालिका तिथे खंडित झाली. अशा दुखापतीनंतर वर्षभर तरी विश्रांती घेतात. राईस १५ डिसेंबरला मैदानात परतला. त्याच रात्री मोंटानाची १६ नंबरची जर्सी निवृत्त केली जात होती, म्हणजे तो नंबर पुढे कुणाला द्यायचा नाही असा मान. राईसने एक टचडाउन झेलला, पण जमिनीवर आदळताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली आणि हंगाम संपला.

ही घाई चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. तरी १९९८ मध्ये तो परत आला आणि त्याने १,१५७ यार्ड केले.

चाळिशीतही तो खेळत होता?

हो, आणि नुसता नावापुरता नाही. २००१ मध्ये तो खाडी ओलांडून ओकलंड रेडर्सकडे गेला. २००२ च्या हंगामात त्याने चाळिशी गाठली आणि त्याच हंगामात ९२ झेल, १,२११ यार्ड केले. २००४ मध्ये तो सिअॅटल सीहॉक्सकडे गेला. तिथे ८० नंबर त्या संघाचा जुना रिसीव्हर स्टीव्ह लार्जंट याच्या सन्मानार्थ निवृत्त केलेला होता. लार्जंटच्या संमतीने तो राईसला मिळाला. टचडाउन झेलांचा लार्जंटचा शंभराचा विक्रम १९९२ मध्ये राईसनेच मोडला होता, हे लक्षात घेतलं तर त्या संमतीचं मोल कळतं.

५ सप्टेंबर २००५ रोजी, डेन्व्हरच्या सराव शिबिरात असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी फोर्टीनायनर्सनी त्याच्याशी एका दिवसाचा नाममात्र करार केला, तो त्यांच्याच संघातून निवृत्त व्हावा म्हणून. करारावरची रक्कम होती १,९८५,८०६.४९ डॉलर. त्यात १९८५ हे पदार्पणाचं वर्ष, ८० हा नंबर, ०६ हे कराराचं वर्ष आणि ४९ म्हणजे फोर्टीनायनर्स. पैसे प्रत्यक्षात दिले-घेतले गेले नाहीत.

हातमोज्यांना चिकट पदार्थ लावायचा, हा आरोप खरा आहे का?

आरोप नव्हे, त्याने स्वतःच ते सांगितलं आहे. हातमोज्यांवर थोडा चिकट फवारा मारत असे, असं तो एका चित्रफितीत म्हणाला आणि २०१५ मध्ये त्यावर गदारोळ झाला. एनएफएलने अशा पदार्थांवर १९८१ मध्येच बंदी घातली होती. त्या काळात सगळेच लावायचे, असं त्याने म्हटलं. ते अनेकांना पटलं नाही. त्याने माफीही मागितली.

मी राईसचा चाहता आहे, पण हे झाकायचं कारण नाही. नियम मोडला तो मोडलाच. चिकट हातमोजा चेंडू धरायला मदत करतो. झेलानंतरचे यार्ड मात्र पायांनीच काढावे लागतात, म्हणून त्याच्या कारकिर्दीबद्दलचं माझं मत बदललं नाही.

त्याचे विक्रम कुणी मोडू शकेल का?

एका हंगामाचे विक्रम मोडले गेले आहेत. बाद फेरीतल्या एकूण झेलांचा विक्रमही जानेवारी २०२४ मध्ये ट्रॅव्हिस केल्सीने मागे टाकला. पण संपूर्ण कारकिर्दीचे आकडे वेगळेच आहेत. यार्डांत दुसरा आहे लॅरी फिट्झगेराल्ड, १७,४९२ वर. म्हणजे पाच हजारांहून अधिक यार्डांचं अंतर. एखाद्याने सलग पंधरा वर्षं दर हंगामात १,५०० यार्ड केले, तरी बेरीज २२,५०० होते, राईस अजून पुढेच. टचडाउनमध्ये दुसरा एमिट स्मिथ, १७५ वर.

२०२१ पासून हंगामात १७ सामने असतात आणि पास पूर्वीपेक्षा जास्त फेकले जातात, त्यामुळे झेलांचा विक्रम कधीतरी जाऊ शकेल. यार्डांचा मात्र मी तरी जाताना पाहीन असं वाटत नाही. २२,८९५ यार्ड म्हणजे जवळपास २१ किलोमीटर. अख्खी हाफ मॅरेथॉन, तीही कुणीतरी पाडायला टपलेलं असताना.

त्याची मुलंही खेळतात का?

मुलगा ब्रेंडन राईस हाही रिसीव्हर. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत लॉस एंजेलिस चार्जर्सनी त्याला निवडलं.

निवृत्तीनंतर त्याने काय केलं?

२००६ मध्ये टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेत तो उपविजेता ठरला. गोल्फचा नाद पुरेपूर केला, व्यावसायिक स्पर्धेतही उतरून पाहिलं, पण तिथे जम बसला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, स्थान मिळालं. त्या भाषणात तो अपयशाच्या भीतीबद्दल बोलला. ही भीतीच आपल्याला पळवत राहिली, आणि कारकिर्दीत एकच खंत आहे की तिचा आनंद घ्यायला आपण कधी थांबलो नाही, असं त्याने सांगितलं. एवढ्या मोठ्या समारंभात, सन्मानाचा सोनेरी कोट अंगावर असताना, त्याने हे बोलावं याचं मला फार वाटलं.

त्याचा खेळ पाहायचा असेल तर सुरुवात कुठून करू?

पहिल्यांदा १९८९ च्या सुपर बोलची शेवटची चाल-मालिका. मग ऑक्टोबर १९९० चा अटलांटाविरुद्धचा सामना, ज्यात त्याने पाच टचडाउन केले. त्यानंतर डिसेंबर १९९५ मधली मिनेसोटाविरुद्धची सोमवारची रात्र, १४ झेल, २८९ यार्ड. चेंडूमागे नजर पळू देऊ नका. ८० नंबरच्या पायांकडे पाहा, आणि झेल झाल्यावर चित्रफीत थांबवू नका.